चार ट्रॅक आणि एक पिवळी स्कूटर

'कॅसेट भरून घेणे' म्हणजे काय, हे परवा भाच्याला समजावताना माझी बरीच दमछाक झाली. गाणी काय बादलीत भरतात का, असा त्याचा चेहरा. मग त्याला खामगावची गोष्ट सांगावी लागली, आणि ती सांगता सांगता गोव्याच्या रेमो फर्नांडिसपर्यंत पोचलो. तेच इथे लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींना अर्धी गोष्ट ठाऊक आहे, त्यांनी तेवढी सोडून वाचावी.

रेमो म्हटलं की बहुतेकांना 'बॉम्बे' (१९९५) मधलं हम्मा हम्मा आठवतं, फार तर 'जलवा'चं गाणं. मला आठवते ती 'गोअन क्रेझी' नावाची कॅसेट. १९८४ची. आमचा आतेभाऊ बँकेत लागला आणि पहिलंच पोस्टिंग म्हापशाला मिळालं. दिवाळीत जलंबला गाडी बदलून तो खामगावात उतरला, तेव्हा पिशवीत काजू होते आणि ही कॅसेट होती. काजू दोन दिवसांत संपले.

रेमोचा जन्म १९५३चा. बार्देशातलं शिवोली हे त्याचं गाव. मुंबईत जे. जे.ला वास्तुशास्त्र शिकला, बँडमध्ये वाजवलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या गाडीला हात दाखवत भटकला, आणि परत घरी आला. स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन मुंबईतल्या कंपन्यांकडे गेला, तर नकार. या देशात इंग्रजी गाणी ऐकायची ती परदेशातली, इथल्या माणसाने लिहिलेली कोण विकत घेणार, असा तेव्हाचा एकूण हिशोब होता. मग त्याने शिवोलीच्या घरातच टीअॅक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र मांडलं. गिटार त्याची, बासरी त्याची, बाकीची वाद्यंही त्याचीच, सगळे आवाज त्याचे, मिक्सिंग त्याचं, वेष्टनावरचं चित्रसुद्धा त्याचंच. पुढच्या वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड' याच पद्धतीने केली.

हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलटवल्यावरचे. पोर्टास्टुडिओ नावाचं हे यंत्र १९७९ साली आलं. ते चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचं, तेही दुप्पट वेगाने. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर काम फक्त पंधरा मिनिटांचं. आधी गिटार वाजवा, मग ती ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. चारपेक्षा जास्त थर हवे असतील तर हे तीन मिसळून चौथ्या पट्ट्यावर उतरवायचे, की तीन पुन्हा मोकळे. पण एकदा मिसळलं की मिसळलं. ताल जास्त झाला तर नंतर कमी करता येत नाही, आणि प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढत जाते. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२चा 'नेब्रास्का' असल्याच यंत्रावर घरी केला, त्याचं केवढं कौतुक होतं! होऊ दे, अल्बम चांगलाच आहे. पण त्याच्यामागे कंपनी उभी होती. रेमोच्या मागे शिवोलीचं घर होतं.

गोव्याचा विचार केला तर याला आणखी एक अर्थ आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या किती पिढ्या खपल्या! अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट.. व्हायोलिनच्या ओळी यांनी बांधायच्या आणि पोस्टरवर नाव संगीतकाराचं. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणं देशभर वाजलं, पण त्या नावाचा खराखुरा माणूस प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारा गुरू होता, हे किती जणांना ठाऊक होतं? त्या लोकांनी मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या गाण्यात एकेक वाद्य वाजवलं. हा मुंबईहून परत गेला आणि स्वतःच्या गाण्यात सगळी वाद्यं वाजवून बसला.

पण माझ्या मते खरी गोष्ट त्या यंत्राची नाहीच. खरी गोष्ट त्याच्या पिवळ्या स्कूटरची. तयार कॅसेट स्कूटरवर घालून तो गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः पोचवायचा. यंत्र पैसे देऊन मिळतं हो. दुकानदारासमोर उभं राहून 'हे मीच गायलंय, ठेवून बघा' म्हणायला जे लागतं ते कुठे मिळतं?

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो ते आमच्या धाकट्या काकांमुळे. काका लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचे. तबला, माउथऑर्गन, बुलबुल जे हाती येईल ते. 'गोअन क्रेझी' त्यांनी टू-इन-वनला कान लावून तीनदा ऐकली. इंग्रजी एक अक्षर कळलं नाही. आतेभावाने सांगितलं की हे सगळं एकाच माणसाचं आहे, तेव्हा म्हणाले, "काय सांगतं लेका, एकलाच?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला. एकावर बेंजो भरायचा, तो वाजत असताना समोर बसून तबला वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं. मग पुन्हा उलट, गाण्यासाठी. पोर्टास्टुडिओ हा शब्दही त्यांनी ऐकलेला नव्हता. गाणी स्वतःची, शब्द स्वतःचे, वऱ्हाडी. एकूण सहा झाली.

ती घेऊन ते एका दुकानात गेले, एकाच. दुकानदार वाईट नव्हता. म्हणाला, शेगाव इतकं जवळ आहे, महाराजांची गाणी करून आणा, हातोहात खपतील. त्याचं चूक नव्हतं. तेव्हा कॅसेटी स्वस्त झाल्या होत्या, भक्तिगीतं आणि भीमगीतं गावोगाव पोचत होती. त्यातली कितीतरी मोठ्या कंपन्यांनी कधी काढलीच नसती. पण काकांना ती सहाच गाणी करायची होती. कॅसेट कपाटात गेली. दुसऱ्या दुकानात जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, माझ्याकडे सायकल होती. मीही गेलो नाही.

रेमोचं पुढचं सर्वांना माहीत आहे. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६), 'बॉम्बे सिटी' (१९८७), मग कंपन्याही आल्या, सिनेमाही आला. गोवा अजून केंद्रशासित होता त्या काळात त्याने पंतप्रधान राजीव गांधींसमोर गोव्याची गाऱ्हाणी मांडणारं गाणं म्हटलं. बरेच स्थानिक लोक चिडले, आणि राजीव गांधींनी मात्र कौतुक केलं. कुठल्या कंपनीच्या साहेबाला विचारून असलं गाणं झालं असतं का? २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली, आणि २०२१ साली आत्मचरित्र आलं. असो.

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी ती कॅसेट पुण्याला नेऊन संगणकावर उतरवून घेतली. फितीवरचा थर सुटत चालला होता, सहापैकी तीनच गाणी हाती लागली. सळसळ भरपूर, पण बेंजो स्वच्छ आहे. दिवाळीत खामगावला सगळ्यांसमोर लावली. नातवाने विचारलं, "आजी, तबल्यावर कोण आहे?"

"तेच," काकू म्हणाल्या. "अन् मांगून शिट्टी वाजते ना, थो माहा कुकर आहे."