नकोसे पोते

सातारा-सांगलीच्या बाजारात 'लिंकिंग' हा शब्द आता मराठीच झाला आहे. ऐन खरिपात कृषी सेवा केंद्रावर युरिया मागावा, तर दुकानदार सांगतो, 'सोबत हे विद्राव्य खतही घ्यावं लागेल.' घरगुती गॅसच्या जोडणीबरोबर शेगडी गळ्यात मारण्याची पद्धतही आपल्या आधीच्या पिढीला चांगली ठाऊक होती. ज्या वस्तूवाचून अडते तिच्या आडून नको ती वस्तू खपवायची, एवढाच या व्यवहाराचा गाभा.

कायद्याला हे नवे नव्हते. 1969 च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्याने अशा सक्तीच्या जोडविक्रीची नोंद निर्बंधक प्रथांमध्ये केली होती. 2002 च्या स्पर्धा कायद्यातही तिची व्याख्या आहे. मात्र कायद्याच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या वस्तू असतात. एक वस्तू दुसरीच्या पोटात दडवलेली असेल तर?

हा प्रश्न मला पडला तो 2007 साली, सांगलीत पहिला लॅपटॉप घेताना. एम. ए.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायचे, टिपणे लिहायची, एवढीच गरज. लिनक्स वापरण्याचे मनाशी ठरले होते. दुकानदार म्हणाले, 'सर, विंडोज आतच असतं. काढून स्वस्त मिळत नाही.' बिलावर एकच ओळ, एकच रक्कम. त्या एक्स-पीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. सीडी मला दिलेलीच नव्हती. म्हणजे मराठीच्या अध्यापकाने पैसे मोजले आणि मराठी दाराबाहेर उभी!

या प्रथेचे मूळ अर्थातच सांगलीच्या दुकानात नव्हते. मायक्रोसॉफ्टचे काही उत्पादकांशी असे करार होते की, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकामागे शुल्क द्यायचे, मग त्यात तिची प्रणाली असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याने 1994 मध्ये यावर दावा दाखल केला आणि 1995 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने असे करार थांबले. करार थांबले, सवय उरली. 15 फेब्रुवारी 1999 रोजी कॅलिफोर्नियातील लिनक्सप्रेमी न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागायला मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. त्यांचा आधार होता परवान्याच्याच मजकुराचा : अटी मान्य नसतील तर परताव्यासाठी उत्पादकाशी संपर्क साधावा, असे त्यात छापलेले होते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने ही संहिता जरूर अभ्यासावी. खरेदी झाल्यावर वाचायला मिळणारा करार हा एक विलक्षण लेखनप्रकार आहे.

न्यायालयांचेही एकमत झाले नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ग्राहकाचा परताव्याचा हक्क मान्य केला. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये, अशी एकत्र विक्री मुळातच अनुचित ठरत नाही आणि प्रणालीची किंमत वेगळी न दाखवणे ही दिशाभूलही नव्हे, असे म्हटले. दुसरा निकाल मला पटत नाही. किंमतच कळली नाही तर नकार तरी कशाला द्यायचा?

आपल्याकडे पुढे फ्री-डॉस घातलेले स्वस्त लॅपटॉप आले. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर चोरीचे विंडोज चढले, हेही कबूल केले पाहिजे.

लिंकिंगचे पोते निदान डोळ्यांना दिसते. शेतकरी ते शेजाऱ्याला देऊ शकतो, पडत्या भावाने विकू शकतो. माझ्या लॅपटॉपमधला परवाना त्या यंत्रालाच बांधलेला होता. 2013 साली यंत्र बंद पडले, तेव्हा तोही त्याच्याबरोबरच गेला.