तळटीप : लेहमधले पहिले दिवस

* लेहला (सुमारे ३,५०० मीटर) हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईइतकेच, म्हणजे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर लगेच श्वास वाढवते. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वसनाला पुन्हा लगाम घालतो. ही ओढाताण झोपेत विशेष जाणवते. लेखक मध्यरात्री श्वास अडकून दचकून उठले, ते बहुधा यामुळेच. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात, तेव्हा श्वासाला मोकळीक मिळते. (डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवते.) तांबड्या पेशी वाढतात हे लेखकांचे म्हणणे खरे, पण त्याला आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी वाटलेल्या तरतरीचे श्रेय त्या पेशींना देता येणार नाही. तिबेटी लोकांत तर हिमोग्लोबिन फारसे वाढतच नाही. ईपास-१ या जनुकाचे वेगळे रूप त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहे. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्या वाचकांनी पहिल्या दोन दिवसांत खारदुंगला या आणखी उंच खिंडीचा बेत आखू नये. — संपादक