नेटवर्क उपकरणांचे व्यवस्थापन : क्लाउड आणि स्वतंत्र पद्धत

राउटर, स्विच आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट यांची सेटिंग कुठून ठरवायची, यावरून व्यवस्थापनाच्या दोन मुख्य पद्धती पडतात. स्वतंत्र, म्हणजे स्टँडअलोन पद्धतीत ब्राउझरमध्ये उपकरणाचा आयपी पत्ता टाकून थेट त्याच्या आत शिरता येते; केलेला बदल त्या एकाच उपकरणापुरता असतो. क्लाउड पद्धतीत उपकरण सुरू होताच इंटरनेटवरून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरला गाठते आणि आपली सेटिंग तिथून उतरवून घेते. वेगवेगळ्या गावांतल्या शाखांची देखभाल मग एकाच डॅशबोर्डवरून होते.

क्लाउड पद्धत रुळवण्यात मेराकीचा वाटा मोठा. एमआयटीतल्या रूफनेट या संशोधन प्रकल्पातून २००६ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी सिस्कोने २०१२ मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. मेराकीच्या रचनेत क्लाउडकडे सेटिंग आणि वापराची आकडेवारी जाते. कार्यालयातली फाइल किंवा छपाईचा हुकूम त्या वाटेने जात नाही. त्यामुळे क्लाउडशी संपर्क तुटला तरी आतले काम चालू राहते. अडते ते नव्या सेटिंगचे आणि क्लाउडवरून येणाऱ्या पाहुण्यांच्या लॉगिन पानाचे.

मात्र क्लाउड पद्धतीत उपकरणांवरचा ताबा कंपनीशी वाटला जातो. मेराकीच्या सामाईक मुदतीच्या परवान्यात मुदत सरल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. नूतनीकरण झाले नाही, तर धडधाकट उपकरणेही थांबतात. कंपनीकडची चूकही ग्राहकाच्या घरात उतरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगलच्या खातेव्यवस्थेतल्या बिघाडाने अनेकांचे गुगल वायफाय आणि ऑनहब राउटर आपोआप फॅक्टरी रीसेट झाले.

स्वतंत्र पद्धतीचा धोका वेगळा : अपडेट करायची आठवण माणसानेच ठेवायची असते. लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीने आपले राउटर चालवण्याच्या विनबॉक्स सॉफ्टवेअरशी संबंधित त्रुटी एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्त केली. तरी अपडेट न केलेल्या लाखाहून अधिक राउटरांचा त्याच वर्षी आभासी चलन खोदण्यासाठी गैरवापर झाला.

या दोहोंमध्ये स्थानिक कंट्रोलर, म्हणजे सगळ्या उपकरणांची सेटिंग एकाच जागी सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसतो. युबिक्विटीची युनिफाय किंवा टीपी-लिंकची ओमाडा मालिका घेतल्यास हे सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर किंवा छोट्या डबीवर चालवता येते. इंटरनेट जोडायचेच नाही अशा कारखान्याला किंवा प्रयोगशाळेला हा मार्ग सोयीचा. एखाददुसऱ्या ॲक्सेस पॉइंटच्या दुकानाला स्वतंत्र पद्धत पुरते. शाखा अनेक आणि तंत्रज्ञ एकच असेल, तर क्लाउडचा खर्च वसूल होतो. तुलना करताना उपकरणाच्या किमतीत पुढच्या पाच वर्षांचे परवानाशुल्क धरावे लागते.

पद्धत नंतर बदलणे सहसा सोपे नसते. ओमाडाचा ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरने ताब्यात घेतला की त्याच्या स्वतःच्या पानावरून व्यवस्थापन होत नाही. कंट्रोलरमधून काढल्यावर तो फॅक्टरी सेटिंगवर परततो. म्हणून वायफायची नावे, पासवर्ड, व्हीलॅन आणि आयपी पत्ते आधी टिपून ठेवतात आणि बदल कामाची वेळ संपल्यावर करतात.