स्केल्ड अजाईल म्हणजे काय? ठाकूरद्वारला पोहोचणाऱ्या जेवणाच्या डब्यातून समजून घ्या

ठाकूरद्वार नाक्यावरच्या एखाद्या पेढीत काम करणाऱ्या माणसाचे घर विलेपार्ल्याला आहे, असे समजा. सकाळी नऊ-साडेनऊला घरून उचललेला जेवणाचा डबा दुपारी एकच्या आत त्याच्या टेबलावर येतो. मधल्या तीन तासांत तो तीन-चार माणसांच्या हातांतून जातो, वाटेत त्याची पुन्हा पुन्हा वर्गवारी होते आणि लोकलच्या लगेजच्या डब्यातून तो चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सला उतरतो. झाकणावर ना त्या माणसाचे नाव असते, ना पत्ता. असतात फक्त रंग, आकडे आणि दोन-चार अक्षरे.

आयटी कंपन्या आणि बँका ज्याला ‘स्केल्ड अजाईल’ आणि ‘लीन’ म्हणतात, ज्यासाठी सल्लागार नेमतात आणि प्रमाणपत्रांचे कोर्स घेतात, त्यातला बराचसा भाग या प्रवासात दिसतो. सगळा मात्र नाही. जो दिसत नाही, तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

हे शब्द आले कुठून?

‘लीन’ची मुळे जपानमध्ये, टोयोटाच्या कारखान्यांत आहेत. ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे उत्पादनाची नवी पद्धत बसवली. गरज असेल तेव्हा, गरज असेल तेवढेच बनवायचे. माल पडून राहणे, विनाकारण हलवाहलव, ताटकळणे या सगळ्याला वाया गेलेले श्रम मानायचे. या पद्धतीला ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांच्या लेखातून मिळाले.

‘अजाईल’ सॉफ्टवेअरवाल्यांचे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा असा, की वर्षभराची योजना आधीच कागदावर गोठवण्यापेक्षा थोडे काम करा, ग्राहकाला दाखवा, मग पुढचे ठरवा. सात-आठ जणांच्या टीमला हे जमते. पण हजारो माणसे एकाच उत्पादनावर काम करत असतील तर? एका टीमचे काम दुसरीवर अडते, दुसरीचे तिसरीवर. हा गुंता सोडवण्यासाठी ज्या चौकटी आल्या, त्यांना ‘स्केल्ड अजाईल’ म्हणतात. त्यातली सर्वात प्रसिद्ध ‘सेफ’ ही चौकट डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये आणली. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये आपल्या मुख्यालयाची अशी फेररचना केली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने तर २०२० पर्यंत अख्खी कंपनी अजाईल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते.

गाडी कोणासाठी थांबत नाही

‘सेफ’मध्ये अनेक टीम मिळून ५० ते १२५ माणसांचा एक गट असतो. त्याला चक्क ‘ट्रेन’ म्हणतात. ही सगळी माणसे साधारण दर ८ ते १२ आठवड्यांनी एकत्र बसून पुढचे नियोजन करतात. नियम रेल्वेचाच: गाडी वेळेवर सुटते. तुमचे काम तयार नसेल तर ते पुढच्या गाडीने जाईल, पण त्यासाठी गाडी थांबणार नाही.

डबेवाल्यांसाठी ही उपमा नाही, रोजचे वास्तव आहे. मोठ्या स्टेशनवर डब्यांचे क्रेट चढवायला त्यांना सुमारे ४० सेकंद मिळतात, मधल्या स्टेशनवर २०. एका माणसाला उशीर झाला की पुढच्या सगळ्यांचे वेळापत्रक कोसळते. म्हणून डबा वेळेवर तयार न ठेवणाऱ्या घराला आधी समज दिली जाते आणि सुधारणा नसेल तर ते गिऱ्हाईक सोडले जाते. मोठ्या कंपनीत ‘हे काम या फेरीत बसणार नाही’ असे बड्या साहेबाला सांगायला कोणी धजावत नाही. इथे ते सांगण्याची मुभा लोकलने देऊन ठेवली आहे.

झाकणावरच्या खुणाही याच घाईतून आल्या. ठळक आकडा डबा कुठल्या भागात उतरवायचा ते सांगतो. बाजूची अक्षरे इमारत, मजला आणि पोहोचवणारा माणूस दाखवतात. रंग आणि आकार डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते सांगतात, म्हणजे रिकामा डबा त्याच वाटेने परततो. एवढेच, कारण यापेक्षा जास्त वाचायला वेळ नसतो. विलेपार्ल्याची गल्ली आणि घर तिथल्या माणसाच्या डोक्यात असते, ठाकूरद्वारच्या माणसाला ते कळायची गरज नसते. कोणाला किती माहिती लागते याचा इतका काटेकोर विचार फार कमी ऑफिसांतल्या ईमेलमध्ये दिसतो.

पंचवीस माणसांचा गट, मधे साहेब नाही

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी केली. तेव्हाचे चित्र असे: सुमारे ५,००० डबेवाले, रोजचे सुमारे १ लाख ३० हजार डबे, आणि साधारण २५ जणांचा एक असे सुमारे २०० गट. प्रत्येक गट हा स्वतंत्र धंदा आहे. गिऱ्हाईक कोण घ्यायचे, दर किती, नवा माणूस घ्यायचा की नाही, भांडण कसे मिटवायचे, हे गटच ठरवतो. गटाची कमाई सदस्य वाटून घेतात. अनुभवी मुकादम देखरेख करतो, वर्गवारीत हात घालतो आणि गरज पडली तर स्वतः डबे पोहोचवतो. कोणी आजारी पडला तर अडू नये म्हणून गटात जादा माणसे ठेवलेली असतात. प्रत्येक माणूस शंभर टक्के कामाला जुंपलेला असला पाहिजे असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना ही उधळपट्टी वाटेल. पण ती नसेल तर एका माणसाच्या तापाने शेकडो लोक उपाशी राहतील.

वर संघटना आहे, ट्रस्टही आहे. नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी १९५६ ची. पण वरची समिती गटांचे रोजचे निर्णय घेत नाही. सगळ्यांना सामाईक अशा थोड्याच गोष्टी ती सांभाळते: खुणांची पद्धत, शिस्तीचे नियम, रेल्वे आणि पालिकेशी बोलणी, गटागटांतले वाद.

‘स्केल्ड अजाईल’मध्ये नेतृत्वाचे काम नेमके हेच असायला हवे. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांत उलटे होते. रोज सकाळी उभ्याने मीटिंग होते, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, मॅनेजरचे पदनाम बदलते. पण पाच हजारांचा खर्च मंजूर करायला अजूनही तीन सह्या लागतात. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला तर साधा कामगारही दोरी ओढून मदत मागू शकतो आणि प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. तो अधिकार न देता फक्त दोरी बांधली, तर ती शोभेची राहते.

‘सिक्स सिग्मा’ची दंतकथा

डबेवाल्यांविषयीच्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये एक ओळ असते: ८० लाख किंवा १ कोटी ६० लाख डब्यांमागे एकच चूक, आणि म्हणून फोर्ब्सने दिलेला सिक्स सिग्मा दर्जा. फोर्ब्सने असा दर्जा दिलेला नाही. १९९८ मध्ये सुब्रत चक्रवर्ती आणि नाझनीन करमाली यांचा लेख तिथे आला होता. चुका किती होतात या प्रश्नावर संघटनेच्या अध्यक्षांनी दोन महिन्यांत एखादी, असे अंदाजाने उत्तर दिले होते आणि त्यावरून हा हिशेब मांडला गेला. आपण ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द वापरला नव्हता, हे चक्रवर्ती यांनी नंतर स्पष्ट केले. वर्षानुवर्षे डबे मोजून काढलेला तो आकडा नव्हे.

यामुळे डबेवाल्यांचे काम कमी ठरत नाही. पण मॅनेजमेंटच्या व्याख्यानांत हाच आकडा सर्वाधिक फिरला, आणि गटांची स्वायत्तता, जादा माणसे, गिऱ्हाईक सोडण्याची तयारी या कंटाळवाण्या गोष्टी मागे पडल्या.

तुलना कुठे संपते?

डबेवाल्यांची व्यवस्था ‘लीन’ आहे. ‘अजाईल’ म्हणणे ओढूनताणून होईल. अजाईलचा सगळा खटाटोप गिऱ्हाईकाला उद्या काय हवे असेल ते माहीत नाही म्हणून आहे. इथे ते पक्के माहीत असते: तोच डबा, तोच पत्ता, तीच वेळ. शिवाय डबेवाला पगारी नोकर नाही. साधारण सहा महिने उमेदवारी करून, मोठी रक्कम भरून तो गटात भागीदार होतो. बहुतेक जण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले, एकमेकांच्या गावचे, नात्यातले. हा विश्वास दोन दिवसांच्या कार्यशाळेत तयार होत नाही.

आणि एकाच गाडीवर बेतलेली व्यवस्था त्या गाडीसोबतच थांबते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, कार्यालये बंद झाली आणि १८९० पासून चालत आलेला हा धंदा जवळपास एका रात्रीत ठप्प झाला. बरेच डबेवाले गावी परतले. काहींनी शेती धरली, काहींनी सुरक्षारक्षकाची नोकरी. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यावर गिऱ्हाईक पूर्वीइतके परत आले नाही आणि डबेवाल्यांची संख्याही आधीच्या तुलनेत बरीच खाली राहिली. गट सगळा नफा वाटून घेत होते, तसा तोटाही त्यांच्याच वाट्याला आला.