शीड आखडण्याची कुळकथा

जालना रस्त्यावरच्या करमाडला समुद्र नाही. आहे ती कपाशी. तरी शिडाच्या कुळकथेत हा मुलूख येतोच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथामध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांवरून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. तगरच्या मालात कापड मुख्य. समुद्राच्या पलीकडे, इजिप्तमधल्या बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सुताच्या शिडांचे तुकडे निघाले. तिथल्याच मायोस होर्मोसला शिडावर शिवायच्या लाकडी आणि शिंगाच्या कड्याही.

कड्या कशाला? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. मग शीड लहान करणं आलं. खालच्या काठापासून निघालेल्या दोऱ्या या कड्यांतून वर, आडव्या काठीवरून पुन्हा खाली खलाशांच्या हाती येत. ओढल्या की चिक गुंडाळावी तसं शीड वर जाई. मध्ययुगात उत्तर युरोपात शिडावर आडव्या रांगेत आखूड दोऱ्या शिवू लागले. तेवढा पट्टा गोळा करून बांधायचा. हाच ‘रीफ’. अरबी ‘धो’ गलबतांवर मात्र मोठं शीड उतरवून लहान चढवत.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या गलबताला तीन डोलकाठ्या आहेत, शिडं उंच आणि अरुंद. माझ्या मते हीसुद्धा आखडण्याचीच सोय: एक उतरवलं, दोनांवर भागलं. त्याच चित्रावरून गोव्यात फळ्या दोरीने शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात आली.

१८५० मध्ये हेन्री कनिंगहॅमने काठीच फिरवून शीड गुंडाळण्याचं पेटंट घेतलं. पुढे यॉटवाले बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, फिरवू लागले. दिसायला झकास, पण शिडाला पोट सुटे आणि बूमचं टोक खाली लोंबे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पट्ट्याची जुनी रीतच परतली, हे बरं झालं.

तिचा क्रम असा: शीड थोडं उतरवायचं, डोलकाठीकडचं काज आकड्यात अडकवायचं, शीड चढवायची दोरी पुन्हा ताणायची आणि मग मागच्या काजातली दोरी आवळायची. ही दोरी शिडाला खाली आणि मागे, दोन्हीकडे ओढेल अशीच ओवलेली हवी. मधल्या आखूड दोऱ्या फक्त सैल कापड सावरायला. त्यांच्यावर ताण आला तर शीड तिथेच फाटतं. मागची दोरी बूमच्या टोकाशी घासून झिजते, काजांची शिवण उन्हाने कुजते. मोसमाआधी दोन्ही तपासा. आणि नवं शीड शिवून घेत असाल तर पट्टे दोन मागा. एक पुरत नाही.