पगार निजामाचा, हुकूम साहेबाचा: हैदराबाद कंटिन्जंटची गोष्ट

चितेगावहून मी पुन्हा हजर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

आज एका फौजेबद्दल बोलू. ती निजामाच्या राज्यात राहायची, तिचा पगार निजामाच्या नावावर पडायचा, पण हुकूम सोडायचे इंग्रज अधिकारी. नाव होतं हैदराबाद कंटिन्जंट. आपल्या शहरातली छावणी माहितीये ना? तिथे या फौजेचं मोठं ठाणं होतं. आणि या फौजेच्या बिलापायी अख्खा वऱ्हाड निजामाच्या हातून गेला.

आधी एक घोळ मिटवू. शाळेत आपण 'तैनाती फौज' शिकलो. ती कंपनीची फौज, निजामाच्या खर्चाने त्याच्या राज्यात ठेवलेली. कंटिन्जंट ही वेगळी गोष्ट. १८०० च्या तहात एक कलम होतं: युद्ध झालं, तर निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार कंपनीच्या मदतीला द्यायचे. म्हणजे एका राज्याची राखीव फौज, वेळ आली तरच बोलवायची. कागदावर तरी एवढंच.

१८०३ मध्ये वेळ आली. आताच्या जालना जिल्ह्यात असईला इंग्रज आणि शिंदे भिडले. त्या युद्धात निजामाच्या स्वारांचं काम काही इंग्रजांच्या मनास उतरलं नाही. 'या फौजेला शिस्त हवी' हे पालुपद तिथून सुरू झालं. पुढे हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने पेशकार चंदूलालला हाताशी धरून १८१३ मध्ये नवी पलटण उभी केली. कवायत इंग्रजी, अधिकारी इंग्रज. नावसुद्धा 'रसेल ब्रिगेड'! तिच्यातूनच पुढे कंटिन्जंट आकाराला आली.

आता गंमत बघा. तहातलं कलम युद्धापुरतं होतं. ही फौज मात्र शांततेच्या काळातही बारा महिने उभी, आणि अधिकाऱ्यांचे पगार तर तगडे. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं, तर सबस्क्रिप्शनचे पैसे एकाच्या कार्डवरून कटतायत, पासवर्ड दुसऱ्याकडे आहे आणि कॅन्सलचं बटणच नाही.

खजिना रिकामा, पगार थकलेला. मग पगार भागवायला हैदराबादच्या पामर कंपनीसारख्या सावकारांकडून कर्ज, त्यावर जबर व्याज. पुढे कंपनी सरकार स्वतःच पगार देऊ लागलं आणि ती रक्कम निजामाच्या नावे लिहू लागलं. १८५३ पर्यंत आकडा चाळीस लाखांच्या वर गेला. तेव्हा गव्हर्नर जनरल होता डलहौसी. मे १८५३ मध्ये नवा तह झाला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब यांचा कारभार इंग्रजांकडे गेला. बदल्यात इंग्रजांनी निदान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या ठेवायच्या. युद्धापुरत्या मदतीचं कलम ५३ वर्षांत प्रांत गिळून बसलं! आणि सारा भरणार कोण? वऱ्हाडातला कापूस पिकवणारा शेतकरी. त्याला यातलं कुणीच काही विचारलं नव्हतं.

आता छावणीत येऊ. जून १८५७. उत्तरेत उठाव पेटलेला. इथल्या पहिल्या रिसाल्यात बातमी पसरली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार. स्वार बिथरले. त्यांचं म्हणणं असं, की आमची नोकरी निजामाच्या मुलखापुरती. मुलखाबाहेर, तेही बादशहावर, आम्ही का चालून जायचं? प्रश्न अगदी सरळ होता: आम्ही नेमके कुणाचे?

उत्तर तोफांनी मिळालं. पुण्याहून मेजर जनरल वुडबर्न गोरी पलटण घेऊन आला. रिसाल्याला हत्यारं खाली ठेवायला सांगितलं. काही पळाले, काही पकडले गेले. झटपट कोर्ट बसलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. क्रांती चौकातला काळा चबुतरा या शिक्षांची जागा म्हणून ओळखला जातो. आपण रोज तिथे सिग्नलला थांबतो आणि हिरवा लागला की निघून जातो.

पण कंटिन्जंट मोडली नाही. बाकीच्या तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्यात झाशीपर्यंत गेल्या आणि राणी लक्ष्मीबाईंच्या विरोधात लढल्या. पहिल्या रिसाल्याने ज्याला नकार दिला, तेच बाकीच्यांनी केलं. त्यांना 'गद्दार' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण पोटाची नोकरी करणाऱ्या शिपायासमोर पर्याय किती होते, हेही विचारायला हवं.

या निष्ठेबद्दल १८६० मध्ये इंग्रजांनी धाराशिव आणि रायचूर निजामाला परत दिले. वऱ्हाड नाही दिलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं. लगेच १९०३ मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेसाठी प्रांत घेतला, ती फौज संपली आणि प्रांत तसाच राहिला.

पुढचा ट्विस्ट मला सगळ्यात भारी वाटतो. कंटिन्जंटच्या पायदळाची १९२२ मध्ये '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' झाली आणि १९४५ मध्ये तिचंच नाव 'कुमाऊं रेजिमेंट' झालं. हो, तीच! पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा ४ कुमाऊंचे. त्या बटालियनचं मूळ १७८८ मध्ये आपल्या अचलपूरला नवाब सलाबत खानाने उभ्या केलेल्या पलटणीत सापडतं.

मग आज राज्याची राखीव फौज कोणती? सैन्य नाहीच. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सैन्य केंद्र सूचीत आहे आणि पोलीस राज्य सूचीत. म्हणून आपल्याकडे आहे ते राज्य राखीव पोलीस बल, म्हणजे एसआरपीएफ. १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा तिच्यामागे आहे. आपल्या शहरात तिचा गट क्रमांक १४ आहे, शेजारी जालन्यात गट ३. निवडणूक असो, गणपती असो, दंगल असो, तिच्या कंपन्या राज्यभर कुठेही पाठवतात. राखीव दलाचं काम तेव्हाही हेच होतं: स्थानिक बळ कमी पडलं की धावून जायचं.

फरक दोनच गोष्टींचा आहे: पैसे कोण देतं आणि जाब कोण विचारतं. कंटिन्जंटचे पैसे वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे होते आणि तो कुणालाच जाब विचारू शकत नव्हता. एसआरपीएफचे पैसे विधानसभेने मंजूर केलेल्या बजेटमधून जातात, आणि त्या विधानसभेत कोण बसणार हे तुम्ही-आम्ही ठरवतो. तेव्हा चौकात बंदोबस्ताला निळी गाडी दिसली, तर तिथल्या जवानाला पाणी जरूर विचारा. आणि त्याला तिथे कोणत्या हुकमाने उभं केलंय, हे सरकारला विचारा. दोन्ही आपलीच कामं आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!