पितळी पातेले आणि बाळाचे यकृत



सुरतेत मराठी माणूस इतिहासावर बोलायला उभा राहिला, की श्रोते १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांची वाट पाहतात. मी मात्र आज तुम्हांला स्वयंपाकघरात नेणार आहे. एका आजाराचा इतिहास मला सांगावयाचा आहे, आणि त्याचा मुख्य साक्षीदार आहे दुधाचे पितळी पातेले.

‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणजे लहान मुलांचे यकृत्काठिण्य. १८८७ साली कलकत्त्यात डॉ. सेन यांनी त्याची नोंद केली. सहा महिन्यांचे ते तीनेक वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट लागे. पुढे कावीळ, जलोदर, आणि बहुधा मृत्यू. एकाच घरातील दोन-तीन भावंडे गेल्याची उदाहरणे होती. साहजिकच संशय रक्तावर, म्हणजे कुळावर गेला. कोणी विषाणूला दोष दिला, कोणी धान्यावरील बुरशीच्या विषाला, कोणी आईच्या दुधाला. शेवटचा आरोप मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण आईचे दूध तोडून बाळाला वरचे दूध देणे हीच पुढे घातक वाट ठरली.

१९७८-७९ मध्ये या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळला. निरोगी यकृतात शुष्क वजनाच्या एका ग्रॅमला सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. येथे ते ८०० च्या पुढे, कधी हजारांत होते. तांबे आतड्यातून शोषले जाते आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाचे यकृत या कामात अजून कच्चे असते. साठा वाढला की पेशी सुजतात, मरतात, आणि त्यांच्या जागी व्रणाचे कठीण धागे येतात.

मग हे तांबे येते कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह हा प्रश्न प्रयोगशाळेतून उचलून मुलाच्या घरी नेला. बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापवले? कशात ठेवले? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : तान्हेपणीच सुरू झालेले, पितळी भांड्यात तापवलेले व साठवलेले दूध हे संभाव्य कारण. ‘संभाव्य’ हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो. पुढे आजारी मुलांची निरोगी मुलांशी जोडीजोडीने तुलना करून १९८७ साली त्यांनी तो पडताळला.

आमच्या खानदेशी घरातही कल्हईवाला येई. नवसागराचा धूर, कथिलाची चांदीसारखी झाक, आणि आजीचा हुकूम : कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट शिजवायचे नाही. दुधाविषयी मात्र कोणी बजावले नाही. दूध आंबट नसते, म्हणून ते निर्धोक! वस्तुतः दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. (तांब्यातील पाणी पिण्याचा हल्लीचा उत्साह हा निराळा विषय, पुण्याचा शोध तान्ह्यांच्या दुधाबद्दल होता.)

ज्या भांड्याला आपण शुद्ध मानले, त्याबद्दल मूल गमावलेल्या आईला विचारायचे, आणि तिला आरोपी ठरवायचे नाही! संशोधनाचा हा भाग कोणत्याही शोधनिबंधाच्या तक्त्यात मावत नाही. पेनिसिलामाइन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने, वेळीच दिल्यास, काही मुले वाचू लागली होती. तरी मुख्य उपाय पातेले बदलणे हाच होता.

येथे इतिहासकाराने सावध असावे. स्टेनलेस स्टील घरोघरी आले ते स्वस्त, हलके, कल्हईची कटकट नसलेले म्हणून; डॉक्टरांनी सांगितले म्हणूनच नव्हे. १९९० च्या दशकापर्यंत आजार दुर्मीळ झाला, त्याचे किती श्रेय कोणाला द्यावे हे मोजणे कठीण. शिवाय पितळी भांड्यातले दूध पिणारी सर्वच मुले आजारी पडली नाहीत. म्हणजे कुळाचा संशयही पुरता खोटा नसावा.

१९९६ साली ऑस्ट्रियातील टायरॉलमधून असाच वृत्तांत आला. १९०० ते १९७४ या काळात तेथील १३८ बालके अशाच यकृतविकाराने गेली होती. त्या शेतकरी घरांतही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत ठेवीत. ती भांडी गेली, आणि १९७४ नंतर तेथे नवा रुग्ण आढळला नाही.